संबळावर फिरणारे डोळे

आपल्याला स्वतःच्या डोळ्यांचा आवाज ऐकू येतो, असं आईनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी वह्या तपासत होते आणि नुसतं "हं" म्हणाले. शनिवारी लोहाऱ्याच्या शाळेतून गावी यायचं, सोबत वह्यांचा गठ्ठा आणायचा आणि आईच्या बोलण्याला हं-हं करत लाल पेन चालवायचं, हा माझा कित्येक वर्षांचा क्रम. आमचं गाव नळदुर्गजवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला अगदी लागून. तिथं ट्रकच्या आवाजात निम्मं बोलणं तसंही वाहून जातं.

"डोळं इकडून तिकडं फिरवलं की कानात कुर्र करतंय," आई म्हणाली. "दाराची बिजागरी करती तसं."

आता मात्र मी पेन खाली ठेवलं. "डोळ्यांचा आवाज?"

"मंग कुणाचा? दुसरं कोण हाय आत?"

मी विज्ञान शिकवते. कानाची आकृती मी फळ्यावर न बघता काढते. बाह्यकर्ण, मध्यकर्ण, आंतरकर्ण. गोगलगायीसारखी शंखिका आणि तिच्या डोक्यावर तीन अर्धवर्तुळाकार नलिका. 'या नलिका शरीराचा तोल सांभाळतात' हे वाक्य मी मुलांना इतक्यांदा लिहून दिलं आहे, की त्याचा काही अर्थ असेल हेच विसरून गेले होते. डोळे फिरवल्यावर कान कुरकुरावा असं त्या आकृतीत कुठंच नव्हतं. सोमवारी शाळेत शिक्षकांच्या खोलीतल्या आरशासमोर उभी राहून मी डोळे गरागरा फिरवून पाहिले. मला काही ऐकू आलं नाही. मागं उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनी मात्र मला अर्ध्या दिवसाची रजा देऊ केली.

आईला चक्कर येते हे घरात जुनंच होतं. त्यावर औषधपाणीही झालं होतं. मानेचा एक्स-रे काढला होता आणि त्यात गॅप निघाली होती. आमच्या भागात मानेत गॅप न निघालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. गोळ्या झाल्या, मानेचा पट्टा झाला. पट्टा चार दिवस मानेला आणि मग कायमचा खुंटीला. कारण आईचा मुळात कुठल्याच डॉक्टरवर विश्वास नव्हता. तिच्या मते हे दुखणं नव्हतंच, देवीचं होतं.

तेही तिनं हवेतून काढलेलं नव्हतं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणं गोंधळ घातला. चौक भरला, दिवटी पेटली, गोंधळ्यांनी संबळावर थाप मारली, आणि नवी नवरी जागच्या जागी झोकांड्या खाऊन खाली बसली. डोळे वर गेलेले, अंग डुलतंय. तुळजापूर आमच्यापासून तासाभरावर. अशा वेळी आमच्या लोकांनी दुसरं काय समजावं? "उदो उदो" झालं, तिच्या कपाळाला मळवट भरला, मोठमोठी माणसं तिच्या पाया पडली. तिथून पुढं भावकीतल्या गोंधळाला तिला पुढं बसवायचे.

मी कळती झाले तेव्हा मात्र हे सगळं थांबलेलं होतं. आई गोंधळाला जाणं टाळायची. तुळजापूरलाही जायची नाही, नारळ आत्याच्या हाती पाठवायची. विचारलं तर एकच उत्तर, "ती किरपा व्हती. माझ्या हातून चूक झाली. आता ती मला फिरवती." चूक कुठली, हे काही केल्या सांगायची नाही. "तुला काय करायचंय?" म्हणून उठून जायची.

वडील गेल्यापासून घरात आई आणि आत्या अशा दोघीच. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण; मी तान्ही असताना नवऱ्याचं घर सोडून आली ती कायमची. शिवणयंत्र हाच तिचा संसार, निम्म्या गावाचे ब्लाउज तिच्या हातचे. तिनंच मला फोन करून सांगितलं, की आई रस्त्याकडेला पडली, मागून ट्रकनं हॉर्न दिला आणि ती सरळ त्या ट्रकच्याच बाजूला कलंडली. आत्यानं पदर धरून ओढली म्हणून वाचली. त्यानंतर आईनं फाटकाबाहेर पाऊल टाकणं बंद केलं. शिक्षा भोगायला बसल्यासारखी ती ओसरीवर बसून राहायला लागली, आणि मला त्याचं वाईट वाटण्याआधी राग आला. इतक्या वर्षांत तिनं माशी मारलेली मी पाहिली नव्हती. शिक्षा कसली?

पण त्या हॉर्ननं माझ्या डोक्यात किडा सोडला. देवी संबळावर येते, मान्य. ट्रकच्या हॉर्नवर कशी येईल?

"तिला कुठल्या वाटंनं यायचं ते ती ठरवती," आई म्हणाली.

मी दिवाळीची सुट्टी या संशोधनात घालवली. पितळी घागर फरशीवर आपटली, की आई कलायची. ट्रॅक्टर दारात सुरू झाला, की भिंत धरायची. कुकरच्या शिट्टीला काही होत नव्हतं, पण गच्चीवरून मला मोठ्यानं हाक मारली, की स्वतःच्याच हाकेनं तिला गरगरायचं. शिंकेलासुद्धा. "मला मारून टाकायचा इचार हाय का तुझा?" असं तिनं विचारल्यावर मी थांबले. पण एवढं नक्की कळलं होतं, की तिचा तोल आवाजाशी बांधलेला आहे. आणि कानातच ऐकण्याचा आणि तोलाचा अवयव एकमेकांना चिकटून असतात, हे तर मीच मुलांना लिहून देत होते.

सोलापूरला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. आई तयार होईना. शेवटी आत्या म्हणाली, "वैनी, मी येते संग. तुमी नुसतं गाडीत बसा." आत्याचा शब्द आई सहसा मोडत नाही. मी नुकतीच गाडी चालवायला शिकले होते, त्यामुळं सोलापूरपर्यंत तिघीही देवाचं नाव घेत होतो.

डॉक्टर माझ्याहून लहान होत्या. त्यांनी गॅप पाहिली नाही, मान पाहिली नाही. आधी विचारलं, "मावशी, तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला कसा ऐकू येतो?"

"रांजणात तोंड घालून बोलल्यागत."

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. "आणि डोळे हलवल्यावर?"

आईनं माझ्याकडं असं काही पाहिलं, की मला सगळ्या वह्या आठवल्या. तिला हे विचारणारं आजवर कुणी भेटलंच नव्हतं.

मग डॉक्टरांनी एक नादकाटा काढला, आमच्या प्रयोगशाळेत असतो तसाच. तो तळहातावर वाजवला आणि आईच्या पायाच्या घोट्यावर टेकवला. घोट्यावर! "कुठं ऐकू येतंय?"

"ह्या कानात," आई उजव्या कानावर हात ठेवत म्हणाली.

मला राहवलं नाही. म्हटलं, माझ्याही घोट्याला लावून बघा. मला नुसत्या मुंग्या आल्या. आत्यानंही पाय पुढं केला, तिलाही मुंग्याच. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, मावशींच्या शरीरातला आवाज हाडाहाडातून चढत कानापर्यंत जातोय, तो जायला नको. आई आपल्या पायाकडं बघत बसली.

पुढच्या तपासणीत तिच्या डोळ्यांना काळा चष्मा लावला. त्याच्या आत कॅमेरा होता आणि आईचे डोळे भिंतीवरच्या पडद्यावर ताटाएवढे दिसत होते. कानात खालच्या पट्टीतला जाडसर आवाज सोडला, तशी दोन्ही बुबुळं हळूच वर उचलली गेली आणि किंचित कलली. आवाज बंद, बुबुळं खाली. मी खुर्चीच्या टोकावर आले होते. "यावर संबळ लावता येईल का?" मी विचारलं. डॉक्टरांना आधी कळलं नाही. मी मोबाइलवर शोधून दिलं. त्यांनाही उत्सुकता वाटली असावी; त्यांनी ते आईच्या उजव्या कानात लावलं.

थाप पडली, की बुबुळ उठत होतं. थापेथापेला. आत्या पुटपुटली, "अगं बाई, डोळं नाचतेत की." चष्म्याखाली आईचे ओठ हलत होते आणि तिनं दोन्ही हात जोडले होते.

डॉक्टरांनी लगेच आवाज बंद केला. आईला उलटीसारखं झालं होतं. तिला जरा आडवं केलं. मग त्यांनी मला समजावलं. आतला कान सगळीकडून हाडानं बंदिस्त असतो, आत पाणी असतं. आवाजाचा धक्का ऐकण्याच्या भागातून जावा अशी त्याची वाट ठरलेली. पण सगळ्यात वरच्या नलिकेवरचं हाड एखाद्या जागी नसेल, तर पाटाचा बांध फुटावा तसं होतं. पाणी आपल्या वाफ्यात न जाता तिकडं धावतं, आणि तोलाची नलिका आवाजानंच हलायला लागते. मेंदूला वाटतं, डोकं फिरतंय. "माझा अंदाज आहे. खात्रीसाठी सीटी स्कॅन करू."

"फोटो काढलाय की एकदा," आई आडवी पडूनच म्हणाली.

त्या फोटोत आणि या फोटोत काय फरक, हे मीच विचारलं. मुलांना सांगायला हवं होतं आणि खरं तर मलाच माहीत नव्हतं. एक्स-रे दोन्हीकडं तेच. पण साधा फोटो म्हणजे सावली. टोपल्यात भाकरींची चवड ठेवली आणि तिची सावली भिंतीवर पाडली, तर तिसऱ्या भाकरीला भोक आहे का ते सावलीवरून कळणार नाही. सीटी स्कॅनमध्ये तो एक्स-रे डोक्याभोवती फिरतो आणि यंत्र हिशेब करून एकेक भाकरी वेगळी काढून दाखवतं. भाकरीचं उदाहरण माझं. डॉक्टर ब्रेडच म्हणाल्या होत्या. कानासाठी हे काप बाजरीच्या दाण्याहूनही पातळ घ्यावे लागतात, जाड घेतले तर पातळ हाडसुद्धा भोकासारखं दिसतं आणि फसायला होतं. म्हणून आधी घोटा आणि डोळे, मग फोटो.

स्कॅनच्या खोलीत जाण्याआधी आईनं कानातली फुलं काढून आत्याच्या हातात दिली. "लई आवाज करतंय का ते?" तिनं तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, पंख्याएवढा. काचेपलीकडून मी पाहत होते. आई त्या गोल कमानीत डोकं घालून इतकी निश्चल पडली होती, की मला भीती वाटली. आत्यानं ती फुलं पदराच्या टोकाला बांधली, सोडली, पुन्हा बांधली. आमचं तिघींचंही श्वास घेणं बंद होतं आणि ते फक्त एकीला सांगितलेलं होतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी पडद्यावर चित्र उघडलं. माझ्या फळ्यावरची आकृती खडूची. ही खरी होती, माझ्या आईची. डावीकडं एक बारीक काळी कमान आणि तिच्यावर पांढऱ्या हाडाची अखंड रेघ. उजवीकडं तशीच कमान, पण माथ्यावर पांढरी रेघ तुटलेली. तुटलेला भाग ज्वारीच्या दाण्याएवढाही नसेल. त्याच्या वर थेट मेंदूचं आवरण. एवढ्याशा फटीतून संबळ आत जात होता, ट्रक आत जात होते, तिची स्वतःची हाक आत जात होती! मी पडद्याजवळ इतकी गेले, की डॉक्टरांनी मला मागं व्हायला सांगितलं.

"बांगडी वाढवली जणू," आत्या म्हणाली.

डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन करून ती जागा बुजवता येते, पण ते मेंदूला लागून आहे, घाई नको. मोठ्या आवाजात कानाला बोळा, जड उचलायचं नाही, जोर करायचा नाही. एवढ्यानं भागलं तर उत्तम. आईनं हे काहीच ऐकलं नसावं. तिनं विचारलं, "हे कवापासून हाय?"

"हाड बहुतेक जन्मापासून पातळ असतं, मावशी. उरलेला पापुद्रा पुढं कधीतरी जातो. आपटण्यानं, खोकल्यानं, किंवा नुसताच."

"ही पाळण्यात व्हती," आईनं माझ्याकडं बोट केलं, "त्याच्या आधी, का मागनं?"

डॉक्टर गोंधळल्या. "ते फोटोत दिसत नाही हो. आज काय आहे तेवढंच दिसतं."

आईचा चेहरा पडला. एवढा स्पष्ट फोटो, आणि तिला हवं होतं तेवढंच त्यात नव्हतं.

खाली आल्यावर आत्या औषधाच्या दुकानात कानाचे बोळे घ्यायला गेली. आम्ही दोघी गाडीत. मी विचारलं, पाळण्याचं काय? आणि इतक्या वर्षांत न सांगितलेलं आईनं काचेतून बाहेर बघत सांगून टाकलं.

काकाच्या लग्नाचा गोंधळ होता. त्याआधी महिनाभर आत्या भाजलेला हात घेऊन माहेरी आली होती. नवऱ्यानं चुलीवरच दाबून धरला होता तो. पण मंडपात तोच नवरा जावई म्हणून मानानं बसला होता. चार वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली होती आणि गोंधळ आटोपला की आत्यानं त्याच्यासोबत जायचं ठरलं होतं.

"वन्सं कायबी बोलत न्हवत्या. नुसतं कापडं भरत व्हत्या," आई म्हणाली. "तू पदराखाली, म्हणून मला लई मागं बसवलेलं. गोंधळी अंगणाच्या त्या टोकाला. म्या वाट बघितली, आता यील, आता यील. काय बी झालं न्हाय. चक्कर न्हाय, काय न्हाय. मंग म्याच उठले. तुला खाली ठेवलं आणि घुमाय लागले."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. समदी गोळा झाली. काय हुकूम हाय म्हणली. म्या सांगितलं, हिला परत धाडायचं न्हाय. धाडलं तर दोन्ही घरं बुडतील." तिनं तोंडावर पदर घेतला. "देवीच्या तोंडानं खोटं बोलले. वन्सं अजून म्हणत्यात, मला भवानीनं ठेवून घेतलं. त्या म्हणत्यात आणि मला त्यांच्या तोंडाकडं बघवत न्हाय. तवापासून ती मला फिरवती, हॉर्नला फिरवती, शिंकंला फिरवती."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला तिचा इतका अभिमान वाटला, की रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी भांडते. मी म्हणाले, अगं, तुझ्या स्वतःच्या लग्नात चक्कर आली होती ना? म्हणजे भोक आधीचंच! गुन्ह्याआधी शिक्षा कशी होईल?

"ती देवी व्हती."

"आणि नंतरची?"

"शिक्षा."

"एकच भोक आहे, आई!" म्हणून मी स्टिअरिंगवर हात आपटला. हॉर्न वाजला. आईनं दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली, डोळे मिटले आणि ती माझ्या अंगावर कलंडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आत्या बोळे घेऊन आली आणि मलाच ओरडली.

परतीला निघालो. नळदुर्गच्या अलीकडं एका ढाब्यावर चहाला थांबलो. आत्यानं ट्रकच्या आवाजापासून लांब, मागच्या बाजूची बाज निवडली आणि आईच्या कानात स्वतः बोळे बसवले. आईनं चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि बोळे काढून टाकले.

"वन्सं, म्या तुमाला फसवलंय," ती म्हणाली. "त्या गोंधळात देवी आली न्हवती. ते म्याच बोलले."

मी आत्याच्या तोंडाकडं बघायचं धाडस केलं नाही. आयुष्यभर जिनं सांगितलं, की मला देवीनं वाचवलं, तिच्यापासून आपण आज काय काढून घेतोय, एवढंच माझ्या मनात होतं.

आत्यानं बशीतला चहा संपवला. "ठाव हाय मला," ती म्हणाली.

"कसं काय?" आई म्हणाली.

"वैनी, तुमी काय बोलला ते तुमालाच ध्यानात न्हाय. समद्यांनी इचारलं, काय हुकूम हाय? तवा तुमी मान हलवत म्हणला, 'वन्संला धाडू नका.' वन्सं! भवानी कवापासून माझी भावजय झाली?" आत्या बोलता बोलता हसायला लागली होती. "बाकीची उदो उदो करण्यात गुंग. मी पेटीला कुलूप लावत व्हते, तिथंच थांबले. म्हणलं, ह्या काय आता सावरून घेत न्हायत, घरातल्यांच्या ध्यानात येतंय. मंग मीच सगळ्यांच्या आधी तुमच्या पायावर डोकं ठेवलं आणि 'आई राजा उदो उदो' म्हणून मोठ्यानं वराडले."

"मंग इतकी वर्सं बोलला का न्हाय?"

"कशापायी बोलू? तुमाला वाटंल, खोटं पकडलं." आत्याचा आवाज खाली आला. तिनं आईचा हात आपल्या हातात घेतला. आत्याच्या हातावरचा चुलीचा डाग मला लहानपणापासून माहीत होता, तो कुणी दिला ते आज कळलं होतं. "मी भवानीचं नाव घेते ते घेतेच. पण पाया पडताना डोळ्यापुढं तुमीच येता, वैनी. तिला राग आला असता तर मला यायला पायजे व्हता का न्हाय?"

आई आधी रडली. मग तिला ते 'भावजय' आठवलं आणि ती हसायला लागली. इतक्या मोठ्यानं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्याच हसण्यानं तिला गरगरलं, बाज धरायला ती चाचपडू लागली, आणि तरी हसू थांबेना. "धरा, वन्सं, धरा, पडले मी," ती म्हणत होती, आणि आत्यानं तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.